पिछाडीवरून जिंकणाऱ्याच्या अडचणी

जळगावकडच्या आमच्या सावद्यात टेनिसचा चेंडू सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो क्रिकेट खेळायला लागतो. दिवाळी सरली की ‘भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा’ असे फलक लागतात, त्यावर खेळाडूंपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो जास्त असतात, आणि बाहेरगावच्या माणसाने गाडीतून घाईत वाचलं तर या भागात टेनिसचा मोठा प्रसार झाला आहे असा त्याचा समज होऊ शकतो. रॅकेटही घरोघरी आहे. ती चार्जिंगची असते, तिने डास मारतात, आणि तिचा बॅकहँड आमच्याकडे शाळेत न जाणाऱ्या पोरालाही येतो.

मी मात्र खरं टेनिस खेळतो. म्हणजे मोबाइलवर. रात्री जेवणाआधी ओट्यावर बसून. पलीकडे जगाच्या पाठीवर कुठेतरी एक जिवंत माणूस बसलेला असतो. त्याचं टोपणनाव, देशाचा झेंडा आणि त्याच्या बाहुल्याचे कपडे, एवढीच त्याची माहिती मिळते. काचेवर बोट सारलं की इकडचा बाहुला चेंडू मारतो. त्याने बोट सारलं की तिकडचा मारतो. बाहुल्यांना दमही लागतो. एकाला डावी-उजवीकडे पळवत राहिलं की त्याचे फटके ढिले पडतात. हा सगळा खेळ मला नीट समजलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढची तक्रार खेळ न समजणाऱ्याची आहे असं कोणी म्हणू नये.

हरण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हरायची सोय उत्तम आहे. दोन-तीन मिनिटांत हरता येतं, कोणाला सांगावं लागत नाही, आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात मिळते. सरळ जिंकण्याबद्दलही फारसं म्हणणं नाही. माझं म्हणणं पिछाडीवरून जिंकण्याबद्दल आहे. वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर या प्रकाराला ‘झुंजार’ आणि ‘थरारक’ म्हणतात. तसं छापणाऱ्यांवर घरी ताट वाढून ठेवलेलं असताना हा प्रसंग आलेला नसावा.

मोबाइलवरच्या टेनिसमध्ये सेट-बीट नसतात. सगळा सामना म्हणजे एकच टायब्रेक. आधी 7 गुण करील तो जिंकला, पण दोन गुणांचं अंतर पाहिजे. टायब्रेक ही जेम्स व्हॅन अ‍ॅलन या अमेरिकन गृहस्थांची कल्पना. लांबत जाणारे सामने त्यांना सहन होत नसत. 1970 साली यूएस ओपनने त्यांचं ऐकलं. त्यांचा मूळ टायब्रेक नऊ गुणांचा होता: 4-4 झाले की पुढचा एकच गुण दोघांचाही निकाल लावायचा. पुढे दोन गुणांच्या अंतराचा टायब्रेक आला, जो आज सगळीकडे आहे. तो व्हॅन अ‍ॅलन यांना अजिबात आवडला नाही. गृहस्थ दूरदृष्टीचे होते. आमच्या घरी त्यांचा फोटो लावायला हरकत नाही, असं जेवणाच्या वेळेबाबत आग्रही असलेल्या एका सदस्याचं मत आहे.

आता समोरचा 6 आणि मी 1 असा प्रसंग घ्या. त्याला एक गुण पुरे. मला ओळीने पाच हवेत, तेही नुसती बरोबरी करायला. दोघे सारख्या ताकदीचे धरले तर ही बरोबरी 32 वेळांत एकदा होते आणि विजय 64 वेळांत एकदा. उरलेल्या 63 वेळी माणूस वेळेवर जेवतो. शिवाय ‘सारख्या ताकदीचे’ हे गृहीतच मुळात उदार आहे. सारख्या ताकदीचा माणूस 6-1 ने मागे कशाला पडेल?

पण त्या गुणसंख्येवर एक गोष्ट हमखास घडते. पलीकडचा इसम मला ‘वेल प्लेड’ असा संदेश पाठवतो.

या खेळात बोलता येत नाही. तयार वाक्यं आणि तयार चेहरे दिलेले असतात, त्यातलं एक दाबायचं. ‘वेल प्लेड’ हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य आहे, आणि म्हणूनच सगळ्यात हलकट आहे. माझा खेळ 6-1 ने मागे असताना चांगला झाला असं ज्याला वाटतं, त्याने माझा खेळ पाहिलेला नाही किंवा माझा शोकप्रस्ताव आधीच मांडून ठेवला आहे. काही जण नुसतं ‘थँक्स’ म्हणतात. कशाबद्दल, ते मी विचारू शकत नाही, कारण तयार वाक्यांमध्ये प्रश्न दिलेला नाही. काही जण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा पाठवतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, निदान त्यांच्या मनात काय आहे ते कळतं.

मग मी 2 होतो, 3 होतो. यात माझं कर्तृत्व किती, यावर मी फार विचार केला आहे. कबड्डीत चाळीस मिनिटं झाली की शिट्टी वाजते. पुढे असलेला संघ पट्टी बांधून घेत, बूट ठीकठाक करत ती चाळीस मिनिटं संपवू शकतो. टेनिसमध्ये घड्याळ नाही. कितीही पुढे असलात तरी शेवटचा गुण स्वतःच्या हाताने मिळवावा लागतो. आणि तो गुण साधासुधा मिळवायचा नाही, देखणा मिळवायचा, असं पुढे असलेल्याला वाटू लागतं. तो रेषेवर मारायला जातो, चेंडू हातभर बाहेर जातो. पुन्हा मारतो, पुन्हा बाहेर. मी फक्त चेंडू परत पाठवत राहतो. पिछाडीवरून जिंकणं म्हणतात ते बऱ्याच वेळा एवढंच असतं. बाकी सगळं श्रेय त्या इसमाचं आहे आणि ते मी त्याला द्यायला तयार आहे. पण तोवर त्याने ‘वेल प्लेड’ पाठवणं बंद केलेलं असतं. 5-6 झाल्यावर त्याच्याकडून एक चेहराही येत नाही.

इथून पुढे परिस्थिती हातात राहत नाही. शब्दशः राहत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 अंशांना टेकतो, रात्री भिंतीही गरम असतात, आणि घामाचं बोट काचेवर जिथे नेऊ तिथे जात नाही. मारायचं कोपऱ्यात, जातो जाळीत. यावर मी कॅरमची पावडर लावून पाहिली. बोट चांगलं सरकलं, पण पावडर मोबाइलच्या स्पीकरमध्ये गेली आणि आता माझे सगळे नातेवाईक दमा असल्यासारखे बोलतात. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये उष्णता फार वाढली की खेळ थांबवतात आणि मोठ्या कोर्टांवर छप्पर ओढून घेतात. आमच्याकडे उष्णता फार वाढली की पंखा थांबवतात.

लाइट गेली की घरातला वायफाय जातो आणि खेळ मोबाइलच्या नेटवर येतो. हा बदल एका गुणाच्या मध्यावर होतो. माझं बोट सारणं इथून कुठल्यातरी लांबच्या यंत्राकडे जायचं, तिथून समोरच्याकडे, आणि त्याचं उत्तर त्याच वाटेने परत. हे सगळं एरवी डोळ्याची पापणी लवते त्याच्या आत होतं. नेट मंदावलं की माझा बाहुला जागच्या जागी पाय आपटत राहतो आणि चेंडू त्याच्या कानाजवळून शांतपणे निघून जातो. 2010 साली विंबल्डनला जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना 11 तास 5 मिनिटं चालला, शेवटचा सेट 70-68 झाला, आणि 47-47 ला गुणफलकच अडकून बसला, कारण एवढे आकडे लागतील असं फलक बनवणाऱ्याला वाटलं नव्हतं. त्यांचा फलक अडकला तरी खेळ चालू राहिला. माझा फलक चालू राहतो आणि खेळ अडकतो.

हे सगळं पार करून मी 6-6 वर येतो, आणि नेमका तेव्हा केळीचा भाव येतो.

बाहेरच्यांसाठी थोडा खुलासा. आमचा भाग केळीचा. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, सावदा स्टेशनवरून केळीने भरलेल्या वॅगन दिल्लीकडे जात आल्या आहेत, आणि दिल्लीत केळीला काय मिळालं यावर आमच्या घरचे रुसवेफुगवे ठरतात. त्यामुळे भाव सांगणारे ग्रुप आहेत. एकाच ग्रुपमध्ये असलं तर भाव चुकेल, म्हणून प्रत्येक जण चार ग्रुपमध्ये आहे. संध्याकाळनंतर क्विंटलचा आकडा या चारही ग्रुपवर एकामागून एक पडतो. पडतो म्हणजे खरोखर वरून पडतो: मोबाइलच्या पडद्यावर वरच्या बाजूने एक पट्टी खाली सरकते आणि समोरच्याची बेसलाइन तिच्याखाली झाकली जाते. तो तिथून सर्व्हिस करतो. मला दिसतो फक्त कालच्यापेक्षा उतरलेला भाव, आणि त्यामागून अचानक येणारा चेंडू. दोन्ही एकदम परतवणं माणसाच्या हातात नाही. पट्टी बाजूला सारायला जावं तर माझा बाहुला तेच सारणं आपल्यासाठी समजून हवेत बॅट फिरवतो. रॅकेट म्हणायचं होतं. सावद्यात राहिल्याचा परिणाम.

तरीही कधीकधी मी 7-6 होतो. मला एक गुण हवा असतो. आयुष्यात माणसाला जे काही मोठे क्षण येतात त्यात याची गणना कोणी करत नाही, हे मला माहीत आहे. तरी ओट्यावर मी उठून उभा राहतो. सर्व्हिस माझी. आणि पडद्यावर मजकूर येतो की प्रतिस्पर्धी सामना सोडून गेला आहे, तुम्ही जिंकलात.

गेला! ज्या माणसाने 6-1 ला मला शाबासकी दिली, तो 6-7 ला मोबाइल बंद करून निघून गेला. मला हवा असलेला शेवटचा गुण खेळलाच गेला नाही. तो मी मिळवला असता की घालवला असता, हे आता कधीही कळणार नाही. गेली दहा मिनिटं मी ज्या फटक्यासाठी बोट पुसत होतो तो बोटातच राहिला. खऱ्या टेनिसमध्ये हरणाऱ्याला जाळीपर्यंत चालत यावं लागतं, हात मिळवावा लागतो, पंचाशीही हात मिळवावा लागतो. हा शिष्टाचार जिंकणाऱ्यासाठी आहे, अशी माझी ठाम समजूत झाली आहे. हरणाऱ्याचं तोंड पाहिल्याशिवाय विजयाची पावती फाटत नाही.

राहिली नोंद. झालेल्या सामन्यांच्या यादीत माझ्या नावापुढे हिरव्या अक्षरात ‘विजय’ असं येतं, बस्स. 7-1 ने जिंकलेल्या सामन्यापुढेही तेच, त्याच आकाराच्या अक्षरात. मिळणारी नाणीही तेवढीच. पाच वेळा मरणाच्या दारातून परत आलेल्याला एखादं नाणं जास्त द्यावं, असं खेळ तयार करणाऱ्या कोणालाही सुचलेलं नाही. बक्षीस म्हणून एक पिशवी मिळते, ती लगेच उघडत नाही. रायपनिंग चेंबरमध्ये घातलेल्या केळीसारखी ती पिकू द्यावी लागते. काही तासांनी उघडावी तर आत बुटांचं एक चित्र निघतं, जे माझ्याकडे आधीपासून आहे.

नोंदीचं हे दुखणं जुनं आहे, मोबाइलपुरतं नाही, याची मला जाणीव आहे. 1966 साली कलकत्त्याला डेव्हिस कपमध्ये भारत आणि ब्राझील 2-2 बरोबरीत होते. शेवटच्या सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्यासमोर थॉमस कॉख. कॉख दोन सेट विरुद्ध एक असा पुढे, चौथ्या सेटमध्ये 5-2. तिथून कृष्णन यांनी तो सेट 7-5 घेतला, पाचवा 6-2 घेतला, आणि भारत पहिल्यांदा डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत गेला. आता गुणफलक बघा: 3-6, 6-4, 10-12, 7-5, 6-2. यात ते 2-5 कुठे आहे? 7-5 म्हटल्यावर वाटतं, दोघे बरोबरीने चालले असतील. 2025 च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात अल्काराझने सिनरचे ओळीने तीन मॅच पॉइंट परतवले, साडेपाच तास खेळून तो जिंकला, आणि चौथ्या सेटपुढे छापलं गेलं फक्त 7-6. गुणफलक हा मूळचाच पिछाडी लपवणारा कागद आहे. त्यात शेवट लिहितात, रस्ता लिहीत नाहीत. कृष्णन यांना निदान कलकत्त्याचे प्रेक्षक होते, ते घरी जाऊन सांगू शकले.

माझे प्रेक्षक 1-5 ला उठून जातात. घरातली पोरं सुरुवातीला दोन्ही खांद्यांवरून डोकावत असतात. 1-3 ला एक जण जांभई देतो. 1-5 ला ‘हरले’ असा निकाल जाहीर करून दोघं टीव्हीकडे जातात. तो निकाल आतपर्यंत पोहोचतो, आतून पानं घेतल्याची हाक येते, आणि मी पुढची सगळी झुंज त्या हाकेच्या पार्श्वसंगीतावर देतो. जिंकून आत गेलो की भरीत गार झालेलं असतं आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर मी हरून आल्याबद्दलची समजूतदार माया असते. ‘जिंकलो’ म्हटलं की ती आणखी वाढते. आईचं निरीक्षण असं की एवढा घाम तर मला केळीच्या कापणीतही कधी आला नाही.

गावात सांगायची सोय त्याहून कमी. ऑनलाइन गेम म्हटला की आमच्याकडे तो रमीच असतो. चहाच्या टपरीवर एका भाऊंना मी 1-6 पासूनचा सगळा सामना सांगितला, शक्यतेच्या हिशेबासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पैसे किती भेटले?”

“पैसे नसतात याच्यात.”

“मंग खेळतो कायले?”

या प्रश्नाला मी अजून उत्तर शोधतो आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. माझा खेळ बिनपैशाचा, म्हणून कायद्याने तो निर्दोष आहे. पण भाऊंच्या नजरेत हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष. रमी खेळणाऱ्याला निदान हाव तरी होती, याला तेवढंही कारण नाही. पैसे बुडवून बसलेल्याबद्दल गावाला कळवळा वाटतो. काहीही न बुडवता रात्र घालवणाऱ्याकडे गाव संशयाने पाहतं.

त्याच्या महिनाभर आधीच, जुलैमध्ये, विधान परिषदेत राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला होता. आपण खेळत नव्हतो, असं त्यांचं म्हणणं होतं. महिनाअखेरीस त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. पिछाडीवरून याहून स्वच्छ पुनरागमन मी पाहिलेलं नाही, आणि त्यांच्या वेळी तर कॅमेरा चालू होता.

कोणी म्हणेल, खरं टेनिस खेळणाऱ्यांचं तरी कौतुक होतं. 30 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात पहिला सेट 2-6 असा हरले होते. पुढचा 6-3 जिंकला, निर्णायक टायब्रेक 10-4, आणि सुवर्णपदक घेतलं. महाराष्ट्राची मुलगी, पिछाडीवरून सुवर्ण, यापलीकडे काय लागतं? सावद्यात त्या दिवशी पेढे वाटल्याचं मला आठवत नाही. टपरीवर मी विषय काढला होता. भाऊंनी विचारलं, बॉल कोणता वापरतात. टेनिसचाच, म्हटलं. ते समाधानाने हसले. निदान बॉल तरी आपला.

तेव्हा विनंती दोनच ठिकाणी करतो. जगाच्या पाठीवर जो कोणी 6-1 ने पुढे असेल, त्याने शेवटचा गुण होईपर्यंत शाबासकी आपल्याजवळ ठेवावी, आणि हरायची वेळ आलीच तर जागेवर बसून हरावं. आणि सावदा, फैजपूर, रावेरकडच्या सर्व ग्रुपचालकांनी रात्री साडेआठ ते नऊ या वेळात केळीचा भाव टाकू नये. तो सकाळी कळला तरी तेवढाच कमी असतो.